समुद्रातला राक्षस मोबाइलवर आला, तर तपासायचा कसा

नाशिकच्या बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, वाकट्या हे पट्टीसारखे मासे घेत होते, तेवढ्यात भाच्याचा फोन. "मावशी, व्हिडिओ पाठवलाय, आधी तो बघ. समुद्रातून तीस फुटी नाग निघालाय. आता भूकंप होणार म्हणतायत." पिशवी खांद्याला अडकवून मी व्हिडिओ लावला. पट्टीसारखं चपटं चंदेरी अंग, डोक्यावर लाल तुरा, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच लाल झालर. समोरच्या टोपलीतली एक वाकटी उचलून मी फोनशेजारी धरली. मासळीवाल्या मावशीही वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर वाकटीची आजी!" शास्त्रात या दोन माशांची कुळं वेगळी आहेत, पण त्यांची नजर बरोबर जागी गेली होती. तो नाग नव्हता, मासा होता.

त्याला ओअरफिश म्हणतात. तो शेकडो मीटर खोल राहतो, आठ मीटरपर्यंत वाढतो आणि वर येतो तो बहुधा आजारी किंवा मरणाला टेकलेला असताना. जुन्या खलाशांनी सांगितलेल्या कित्येक सागरसर्पांच्या मागे हाच असावा. जपानमध्ये त्याला समुद्रतळाच्या राजवाड्याचा दूत मानतात आणि भूकंपाशी जोडतात. तिथल्याच संशोधकांनी अनेक दशकांच्या नोंदी भूकंपांच्या तारखांशी लावून पाहिल्या आणि २०१९ मध्ये सांगितलं की मेळ बसत नाही. भाच्याला मी एवढंच कळवलं. मग वाटलं, प्रत्येक वेळी उत्तर देण्यापेक्षा तपासायचं कसं तेच लिहून द्यावं. म्हणून हे.

मी ३१ वर्षं नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. समुद्राशी माझा संबंध म्हणजे हर्णैला दिलेली नणंद आणि तिच्याकडच्या मे महिन्यातल्या सुट्ट्या. पण फॉर्मॅलिनच्या, म्हणजे सडू न देणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत आलेला मांसाचा तुकडा कोणाचा, कुठला, कधीचा हे विचारण्यात माझं आयुष्य गेलं. नोकरीच्या सुरुवातीला एकाच दिवशी दोन बाटल्या बिनलेबलच्या आल्या. कोणीतरी घाईत अंदाजाने नावं चिकटवली. एका घराने आठ दिवस नको ती भीती सोसली. तेव्हापासून अंदाजाने लेबल लावणं मला पाप वाटतं. मोबाइलवर येणारा समुद्रातला राक्षस हीसुद्धा बिनलेबलची बाटलीच असते, आणि लोक पहिल्या मिनिटाला तिच्यावर लेबल मारून मोकळे होतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे "हे काय आहे" असं विचारायचंच नाही. एक वही घ्या आणि चार गोष्टी लिहा: कोणी पाहिलं, कुठे, कधी, आणि हे तुमच्यापर्यंत कोणाकडून आलं. चारपैकी तीन रकाने रिकामे राहिले तर तिथेच थांबा. एकच सडका सांगाडा मला तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या नावाने आला आहे, आणि प्रत्येक वेळी "आज सकाळी" असं लिहिलेलं होतं. व्हिडिओ थांबवा, प्राणी स्पष्ट दिसेल तिथे स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये टाका आणि सापडेल त्यातली सगळ्यात जुनी तारीख शोधा. मग प्राण्याकडे नाही, आजूबाजूला बघा. माणसांचे कपडे, होडीवरची अक्षरं, मागची झाडं. आपल्या मच्छीमार होड्यांवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. महाराष्ट्रातल्या होडीचा "आयएनडी-एमएच" ने सुरू होतो. रत्नागिरीचा म्हणून आलेल्या व्हिडिओत मागे बर्फाचे डोंगर असतील, तर पुढचा वेळ वाचला.

हल्ली संगणकाने बनवलेली दृश्यंही येतात. भुजा मोजा: ऑक्टोपसला आठ, माकुळाला, म्हणजे स्क्विडला, आठ आणि शिवाय दोन लांब शुंडा. बनावट दृश्यात हा आकडा एका क्षणाला सात, पुढच्या क्षणाला अकरा होतो. पण या खुणेवर फार विसंबू नका, ती तंत्रं रोज सुधारतायत. मूळ पाठवणारा कोण, हाच भरवशाचा प्रश्न. आवाजाच्या क्लिपलाही तोच नियम. १९९७ मध्ये पॅसिफिकमधल्या पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी टिपलेला "ब्लूप" नावाचा प्रचंड आवाज आजही राक्षसाची डरकाळी म्हणून फिरतो. तो अंटार्क्टिकाकडचा बर्फ तडकण्याचा आवाज होता.

आता दुसरं काम, आणि इथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे. प्राणी जिवंत आहे की मेलेला, ते ठरवा. किनाऱ्यावरचे बहुतेक राक्षस मेलेले असतात आणि त्यांना राक्षस बनवते ती सडण्याची क्रिया. शरीर सगळीकडून सारखं सडत नाही. मऊ, सैल जोडलेले भाग आधी गळतात, चिवट भाग मागे राहतात. हा क्रम कळला की अर्धी रहस्यं सुटतात.

२५ एप्रिल १९७७ ची गोष्ट घ्या. न्यूझीलंडजवळ झुइयो मारू या जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात सुमारे ३०० मीटर खोलीवरून एक धूड आलं. जवळजवळ १० मीटर लांब, वजन १८०० किलोच्या आसपास, लहान डोकं, लांब मान, चार वल्ह्यांसारखे पर. फोटो पाहून जपानभर बोभाटा झाला की डायनोसॉरच्या काळातला प्लेसिओसॉर हा लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी अजून जिवंत आहे. दुर्गंधीने पकडलेली मासळी खराब होईल म्हणून खलाशांनी ते धूड समुद्रात परत टाकलं होतं. मात्र एका शहाण्या माणसाने फोटो काढले, मापं घेतली आणि पराच्या टोकाचे तंतू कापून ठेवले. त्या तंतूंची रासायनिक तपासणी झाली आणि त्यातलं प्रथिन बास्किंग शार्क या मुशीच्या प्रथिनाशी जुळलं.

मग ती लांब मान कुठून आली? बास्किंग शार्क हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा, तोंड उघडं ठेवून बारीक प्लवक गाळून खाणारा. त्याचा अजस्र जबडा आणि कल्ले कवटीला सैल जोडलेले असतात. मेल्यावर ते सगळ्यात आधी गळून पडतात. मागे राहते इवलीशी कवटी आणि तिच्यामागे पाठीचा कणा, म्हणजे आपल्या डोळ्यांना "मान". शेपटीच्या खालच्या पाळीत कणा नसतो, म्हणून तीही गळते आणि शेपूट सापासारखी निमुळती दिसते. पाठीचा पर कुजून त्याचे तंतू सुटतात, ती झाली "आयाळ". १८०८ मध्ये स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधल्या स्ट्रॉन्से इथे लागलेला ५५ फुटी आयाळवाला राक्षस असाच. एडिनबरोतल्या विद्वानांनी त्याला नवं शास्त्रीय नावही देऊन टाकलं. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ एव्हरार्ड होम यांनी मणके पाहून सांगितलं, हा बास्किंग शार्क आहे.

आपल्या किनाऱ्यावर हा मासा अपेक्षित नाही. कोकणात वाहून येतात ते बहुधा व्हेल, म्हणजे देवमासे, आणि डॉल्फिन. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला ब्रायड्स व्हेल लागला होता, तो अनेकांच्या लक्षात असेल. व्हेलच्या चरबीत कोलॅजन या प्रथिनाचे चिवट धागे असतात. हाडं निखळून बुडाली, चरबीचा गोळा लाटांवर धुतला गेला, की उरतो तोंड-डोळे नसलेला पांढरा केसाळ ढिगारा. हर्णैपासून थोड्या अंतरावर मी असा एक पाहिला आहे. गर्दीत कोणी त्याला गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, म्हणत होतं, कोणी पाणघोडा. मी ते "केस" जवळून बघितले आणि मला सूक्ष्मदर्शकाखालचे गुलाबी रंगवलेले कोलॅजनचे पट्टे आठवले. अमेरिकेत सेंट ऑगस्टिनच्या किनाऱ्यावर १८९६ मध्ये असाच गोळा आला होता. व्हेरिल या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने वर्णनावरून त्याला महाकाय ऑक्टोपस ठरवलं, आणि तुकडे हातात आल्यावर स्वतःच शब्द मागे घेतला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. वाद मात्र शंभर वर्षं चालला. २००३ मध्ये चिलीत १३ टनांचा गोळा लागला, त्याचा डीएनए स्पर्म व्हेलचा निघाला, आणि जुन्या नमुन्यांशी तुलना केल्यावर तेही व्हेलचेच ठरले. तुलना करता आली ती बाटलीत जपलेल्या तुकड्यामुळे.

लांबीच्या बाबतीत नाशिककरांना वेगळं शिकवायची गरज नाही. पुरात पाणी किती फूट चढलं हे आपण डोळ्यांनी ठरवत नाही. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं. मारुती हलत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास. समुद्रात मारुती नसतो. सगळीकडे पाणी, अंतर कळत नाही, जवळचा सील लांबचा राक्षस होतो. ६ ऑगस्ट १८४८ ला डिडॅलस या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने आणि अधिकाऱ्यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये डोकं वर काढून पोहणारा साप पाहिला, किमान ६० फूट लांब. ही खोटं बोलणारी माणसं नव्हती. तरी प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन म्हणाले मोठा सील असावा, आणि अलीकडे काही जण म्हणतात की पृष्ठभागालगत तोंड उघडून चरणारा सेई व्हेल असावा. त्या सापाशेजारी मारुती असता तर आज एवढी मतं नसती.

म्हणून फोटोत मारुती शोधा. माणूस, चप्पल, होडीचा काठ, काहीही, पण प्राण्याच्या शेजारी. माणूस मागे दहा पावलांवर उभा असेल तर तो चालणार नाही, त्याने प्राणी मोठाच दिसतो. न्यूफाउंडलंडमध्ये १८७३ साली मोझेस हार्वी या धर्मोपदेशकाने कोळ्यांकडून महाकाय माकूळ विकत घेतलं, आणि न्हाणीघरातल्या पडद्याच्या दांडीवर त्याच्या भुजा टांगून फोटो काढून घेतला. किती साधी गोष्ट! आजही तो फोटो पाहून कोणालाही आकार कळतो. तुम्ही स्वतः मोजणार असाल तर टेप अंगाच्या वळणावरून नेऊ नका, सरळ रेषेत धरा. माकुळाचं धड आणि शुंडा वेगवेगळ्या मोजा, कारण शुंडा रबरासारख्या ताणल्या जातात आणि आकडा हवा तेवढा वाढवता येतो.

जिवंत प्राण्यासाठी एक चाचणी मला सगळ्यात आवडते: तो हलतो कसा? मासे आणि साप अंग डावी-उजवीकडे वळवतात. व्हेल आणि डॉल्फिन हे सस्तन प्राणी वर-खाली. त्यामुळे पाण्यावर एकामागून एक उंचवटे येत चाललेला "नाग" दिसला तर तो साप असणं अवघड. ओळीने चाललेले डॉल्फिन असतील. शेपटीलाही तेच: माशाची उभी, व्हेलची आडवी. आपल्याकडे खरे समुद्री सापही आहेत, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचे. फार लांब नसतात, पण विषारी असतात. जाळ्यातून वाळूवर पडलेला दिसला तर हात लावू नका.

जुन्या कथांचं काय, असं भाचा विचारतोच. कथा आणि बातमी एका बाटलीत भरू नका, एवढंच माझं म्हणणं. आपल्याकडे तिमि हा प्रचंड मासा आहे, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिल. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपावर, दोन हजार वर्षांहून जुन्या शिल्पात, तिमिंगिल अख्खी होडी माणसांसकट गिळतोय. ते शिल्प आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. तिमिंगिल म्हणजे अमुकच मासा, असं ठासून सांगणारे लोक मला पटत नाहीत. समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या पोटातली भीती त्या दगडात आहे, तिला डीएनए लावून काय मिळणार? मात्र कोळ्यांच्या सांगण्यात निरीक्षण असतं, ते वेचून घ्या. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या क्राकेन नावाच्या राक्षसाबद्दल बिशप पोंटोपिडान यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कोळ्यांच्या हकिकती गोळा केल्या. त्यातला बेटाएवढा आकार सोडून द्या. पण खोल पाण्यात अनेक भुजांचं काहीतरी मोठं आहे, हे खरंच होतं. १८५७ मध्ये डेन्मार्कच्या स्टेनस्ट्रुप यांनी वाहून आलेल्या माकुळाच्या चोचीवरून त्याला आर्किट्युथिस हे नाव दिलं. फक्त चोचीवरून! कोळी किती फूट म्हणतो ते नाही, तो कुठे, कोणत्या खोलीवर, कोणत्या ऋतूत म्हणतो ते लिहून घ्या.

आता समजा तुम्ही सुट्टीला गेलात आणि खरंच समोर काहीतरी पडलंय. दूर उभे राहा. मोठ्या मेलेल्या प्राण्याच्या पोटात वायू साठतो. २००४ मध्ये तैवानच्या ताइनान शहरात ट्रकवरून नेताना स्पर्म व्हेल भर रस्त्यात फुटला होता. शिवाय जंतू असतात. जिवंत असेल तर गर्दी हटवा, श्वासाचं छिद्र डोक्यावर असतं, तिथे पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका, आणि शेपटीला दोर बांधून ओढायला कोणालाही देऊ नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करा. किनाऱ्यावर वनविभागाच्याच कांदळवन कक्षाची माणसं हे काम बघतात. फोटो काढा: डोकं, शेपूट, दात असतील तर दात, पर, आणि एक पूर्ण अंगाचा. प्रत्येकात शेजारी चप्पल. तुकडा कापून आणू नका. मी आयुष्यभर तुकडे जपले, तरी हे सांगते, कारण व्हेल, डॉल्फिन, व्हेल शार्क यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांचा अवयव घरी ठेवणं गुन्हा आहे. "व्हेलची उलटी" म्हणून कोणी मेणासारखा गोळा विकायला आणला तर अजिबात हात घालू नका. नाशिकच्या तरुण मुलांना हे मुद्दाम सांगायचं आहे: तो व्यवहारच बेकायदा आहे.

एवढं करूनही काही गोष्टी सुटत नाहीत. तेव्हा वहीत "अनोळखी" असं लिहा. "राक्षस" नाही आणि "सगळं खोटं" पण नाही. हा तिसरा शब्द मला मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या बाईंमुळे मोलाचा वाटतो. त्या दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या छोट्या संग्रहालयात काम करत. २२ डिसेंबर १९३८ ला कप्तान गूसन यांच्या ट्रॉलरवरच्या मासळीच्या ढिगात त्यांना एक निळसर पर दिसला. खाली दीड मीटर लांबीचा, जाड खवल्यांचा, हातापायांसारख्या परांचा मासा. काय आहे ते त्यांना कळेना. तरी त्यांनी तो टॅक्सीत घालून नेला. टॅक्सीवाला वासामुळे कुरकुरत होता. शीतगृहाने नकार दिला, शवागाराने नकार दिला. ऐन उन्हाळा. फॉर्मॅलिन पुरेसं नाही. बाईंनी वर्तमानपत्रं आणि चादर फॉर्मॅलिनमध्ये भिजवून मासा गुंडाळला, चित्र काढलं आणि मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना पत्राने पाठवलं. उत्तर यायला उशीर झाला, मासा सडू लागला, शेवटी कातडं पेंढा भरून टिकवावं लागलं आणि आतले अवयव टाकले गेले. फेब्रुवारीत स्मिथ आले आणि त्यांनी ओळखलं: सीलाकॅन्थ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असं सगळे समजत होते तो मासा. दुसरा मिळायला १४ वर्षं लागली, १९५२ मध्ये, कोमोरो बेटांजवळ. ते टाकलेले अवयव आठवले की माझा आजही जीव तुटतो. लॅबमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. पण बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलं नसतं तर काहीच उरलं नसतं.

अनोळखी म्हणून ठेवलेलं असं हळूहळू उलगडतं. आपण नाशिककर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर राहतो. कसारा घाट उतरताना कानाला दडे बसतात ती ही उंची. समुद्रात तेवढंच खाली गेलं की काळोख असतो. १९२५ मध्ये स्पर्म व्हेलच्या पोटातल्या भुजांच्या तुकड्यांवरून कोलॉसल स्क्विड या माकुळाला नाव मिळालं. पुढे प्रौढ सापडलं ते जवळजवळ ४९५ किलोचं. आणि त्याच्या स्वतःच्या घरात, जिवंत, त्याला कॅमेऱ्याने प्रथम टिपलं ९ मार्च २०२५ ला, दक्षिण सँडविच बेटांपाशी, बरोबर ६०० मीटरवर. ३० सेंटिमीटरचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू. मध्ये शंभर वर्षं गेली. तो व्हिडिओ मी खरा म्हणून भाच्याला पाठवला, तारीख, ठिकाण, खोली, जहाजाचं नाव सगळं लिहून.

माझ्या वहीत सहा रकाने आहेत: तारीख, ठिकाण, कोणाकडून, जिवंत की मेलेला, मारुती कोणता, आणि शेवटी काय निघालं. शेवटचा रकाना पेन्सिलने भरायचा. दिवाळीची साफसफाई झाली की मी रिकामे रकाने पुन्हा एकदा चाळते, लेन्सवर पुन्हा टाकते. गेल्या वर्षी त्यातले दोन सुटले, एक ओअरफिश, एक व्हेलचा जबडा. अकरा अजून रिकामे आहेत, आणि परवा हर्णैहून नणंदेच्या नातवाने बारावा पाठवला: जाळ्यात आलेलं वीतभर पारदर्शक काहीतरी, शेजारी त्याची डाव्या पायाची चप्पल, मागे लिहिलेली तारीख आणि वेळ.